उपासनेंतील देवाचें नांव

मराठी वाङ्मयाची चर्चा करतांना आम्ही कादंबरी, नाटक, भावगीत आणि लघुनिबंध यांची पुष्कळ उस्तवार करतों. परंतु मनुष्य ज्या भाषेंत देवाशीं बोलतो त्या भाषेची चौकशी धर्मशास्त्र्यांवर सोंपवून मोकळे होतों. संतवाङ्मय तेवढें यास अपवाद आहे. ख्रिस्ती मराठी वाङ्मयाची तर आम्हीं एक वेगळीच खोली करून ठेविली आहे. फादर स्टीफन्सनें मराठीची जी स्तुति केली तिचा गौरवानें उल्लेख करावयाचा, रेव्हरंड टिळकांच्या फुलामुलांच्या कवितांस दाद द्यावयाची, लक्ष्मीबाईंच्या 'स्मृतिचित्रां'पुढें मान तुकवावयाची, आणि मग त्या खोलीचें दार लोटून घ्यावयाचें, असा परिपाठच पडून गेला आहे. परंतु या वाङ्मयाच्या मध्यभागीं जो प्रश्न चारशें वर्षें ठाण मांडून बसला आहे तो निव्वळ भाषेचा आहे, आणि म्हणून तो आमचाही आहे. ख्रिस्ती मनुष्यानें मराठींत प्रार्थनेस हात जोडले म्हणजे देवाला हांक कोणत्या नांवानें मारावी?

प्रश्न दिसतो तितका सोपा नाहीं. परक्या ग्रंथांतील नांगर, जातें, मेंढरूं, द्राक्षमळा यांना मराठी शब्द सांपडतो, न सांपडला तर करतां येतो. देवाला शब्द शोधावा लागत नाहीं. तो आधींच असतो, आणि हीच अडचण आहे. ज्या घरांत नवें बिऱ्हाड करावयाचें त्या घरांत पूर्वीचें कुटुंब नांदतच असतें. 'देव' म्हटलें कीं देव्हारा आला, कुलदैवत आलें, ग्रामदेवाची जत्रा आली, देवाच्या नांवानें सोडलेला वळूही आला. ही सोबत नको म्हणून परका शब्द आणावा, तर त्याला सोबत कोणाचीच नसते. तो तोंडांत घोळतो, काळजांत उतरत नाहीं.

या भानगडीचें बीज मूळ हिब्रू शास्त्रांतच आहे. तेथें देवाचें विशेषनाम चार व्यंजनांनीं लिहिलेलें आढळतें. परंतु आदरापोटीं यहुदी लोकांनीं त्याचा उच्चार सोडला, आणि तें आलें कीं 'अदोनाय', म्हणजे 'माझा स्वामी', असें वाचण्याची चाल पाडली. ग्रीक भाषांतरांत त्याचें 'क्युरिऑस' झालें, लॅटिनमध्यें 'दोमिनुस', इंग्रजींत 'लॉर्ड'. पुढें कोणीं मूळ नांवाचीं व्यंजनें आणि 'अदोनाय'चे स्वर एकत्र वाचून 'जेहोवा' हें जोडनांव तयार केलें, आणि तें पुष्कळ स्तोत्रांतून शिरलें. रोमच्या धर्मपीठानें इ. स. २००८ मध्यें पत्र काढून, उपासनेंत त्या चार व्यंजनांच्या नांवाचा उच्चार करूं नये, हा जुनाच संकेत पुन्हा घालून दिला. म्हणजे आपण ज्याला मूळ म्हणतों त्यावरही आधींच एक पडदा आहे. मंत्राचें बळ त्याच्या ध्वनींत असतें, तो भाषांतरिला कीं संपला. ख्रिस्ती धर्मानें मात्र पहिल्या शतकापासून देवाचें नांव भाषांतराच्या स्वाधीन केलें. स्वतः येशु अरामी भाषा बोलत होता, आणि त्याचें चरित्र आपणांस मिळतें तें ग्रीकमध्यें.

भाषांतराच्या स्वाधीन केल्यावर काय काय घडूं शकतें याचे मासले पूर्वेकडील देशांत विपुल आहेत. फ्रान्सिस झेवियर इ. स. १५४९ मध्यें जपानांत उतरला. तेथें त्यानें प्रथम देवाला 'दाइनिचि' हा तद्देशीय शब्द योजिला. हें तर बुद्धाच्या एका रूपाचें नांव, असें ध्यानांत येतांच तो टाकून 'देउस' हा लॅटिन शब्दच त्यानें जपानी माणसांच्या तोंडीं घातला. चीनमध्यें 'शांग्दी' म्हणावें कीं 'तियानझू' म्हणावें यावर शंभराहून अधिक वर्षें वाद माजला आणि १७४२ मध्यें पोपच्या आज्ञेनें तो बंद करावा लागला. तमिळ प्रॉटेस्टंट भाषांतरांत 'पराप्परन्', 'देवन्', 'कडवुळ्' असे शब्द एकामागून एक आले, आणि प्रत्येक बदलाच्या वेळीं जुन्या शब्दावर वाढलेल्या माणसांचा जीव दुखावला. आम्ही हें सांगतों तें इतक्यासाठींच कीं, मराठींत जें झालें तें जगावेगळें नाहीं. परंतु मराठींत तें ज्या माणसांच्या हातून झालें तीं माणसें मात्र असामान्य होतीं.

त्यांपैकीं पहिला टॉमस स्टीफन्स. हा इंग्रज जेजुइट इ. स. १५७९ मध्यें गोव्यास आला आणि १६१९ मध्यें तेथेंच वारला. त्याचें सुमारें अकरा हजार ओव्यांचें 'ख्रिस्तपुराण' १६१६ मध्यें रायतूर येथें रोमन लिपींत छापलें गेलें. त्या छापील आवृत्तीची एकही प्रत उरली नाहीं. १९०७ मध्यें सालढाणा यांनीं मंगळुरास हस्तलिखितांवरून आवृत्ति काढली म्हणून तें आपल्या हातीं आलें. तें ज्या भूमींत जन्मलें तिची आठवण ठेवूनच तें वाचलें पाहिजे. साष्टींतील देवळें पाडलीं गेलीं होतीं. जुने ग्रंथ बाळगण्याची चोरी झाली होती. ज्यांच्या घरीं पिढ्यान्‌पिढ्या पुराण सांगितलें जाई त्या माणसांच्या कानांवर आतां लॅटिन प्रार्थना पडत होत्या. त्यांच्या कानांसाठीं स्टीफन्सनें ओवी घेतली, आणि ओवीबरोबर ओवीची नामावळीही घेतली. प्रारंभींच्या नमनांतच देवाला तो 'विश्वभरित' म्हणतो, 'सर्वसमर्थ' म्हणतो, 'कृपानिधि' आणि 'करुणाकर' म्हणतो. ज्ञानेश्वरी कानावरून गेलेल्या माणसाला यांतला एकही शब्द परका वाटावयाचा नाहीं. स्वर्गाला तर तो बेधडक 'वैकुंठ' म्हणतो! विष्णूच्या नगरींत बायबलांतील देव नेऊन बसविण्याचें हें धारिष्ट पाहून आम्हांस आजही नवल वाटतें.

परंतु स्टीफन्सच्या धारिष्टाला एक कुंपण आहे, आणि तें कोठें घातलें आहे हें पाहण्यासारखें आहे. पित्याला तो 'देव' आणि 'बाप' म्हणतो. पण पुत्राचें नांव 'जेजू', आणि त्रैक्यांतील तिसरा 'स्पिरितु सांतु'. क्रूस, बाप्तिस्मा हे शब्दही पोर्तुगीज-लॅटिन वळणाचेच राहतात. जेथें भक्ताच्या हृदयानें बोलावयाचें तेथें मराठी, आणि जेथें धर्मसभेचा निर्णय बोलावयाचा तेथें परकी भाषा, अशी ही वांटणी दिसते. ती त्यानें ठरवून केली असो वा रोमच्या धाकानें केली असो, ग्रंथाच्या रसाला तिनें बाधा आली आहे असें आम्हांस वाटत नाहीं. उलट त्या परक्या शब्दांमुळें वैकुंठ नुसतें वैकुंठ राहत नाहीं. आपण नव्या कथेंत आलों आहों याची जाग श्रोत्यास राहते.

गोव्याच्या ख्रिस्ती कोंकणींत या व्यवहाराचे अवशेष अजून जिवंत आहेत. तेथें देव 'सर्वेस्पर' आहे, म्हणजे आपला सर्वेश्वर. ख्रिस्त 'सोमी' आहे, म्हणजे स्वामी. आणि उपासनेंत दया भाकतांना 'सायबा' अशी हांक मारतात, ती तर आपल्या ओळखीच्या, अरबींतून आलेल्या 'साहेबा'चीच. आभार मानावयाचे तर 'देव बरें करूं'. हिंदूचा देव आणि ख्रिस्त्याचा देव या आशीर्वादांत शेजारीं शेजारीं उभे राहतात. परंतु त्याच भाषेंतील दुसरा एक शब्द पाहा. गोव्याच्या हिंदु गांवकऱ्यास 'देवचार' म्हणजे रात्रीं वेशीवरून फिरून गांवाची राखण करणारा. ख्रिस्ती कोंकणींत 'देवचार' म्हणजे सैतान. एकाच गांवांत, एकाच शब्दानें, एकाचा राखणदार आणि दुसऱ्याचा वैरी ओळखला जातो. देवाला शब्द उसना घेतला तेव्हां सैतानालाही शेजाऱ्याच्याच घरून घ्यावा लागला. स्टीफन्सच्या भाषेचें कौतुक करतांना ही किंमत कोणीं मोजली, तें विसरून चालणार नाहीं.

प्रॉटेस्टंट मिशनरी आले ते दोनशें वर्षांनीं, आणि ते पुराण रचावयास आले नव्हते. श्रीरामपूरच्या छापखान्यांतून १८११ मध्यें मराठी नवा करार निघाला. मुंबईच्या अमेरिकन मिशननें १८२६ मध्यें आपला काढला. त्यांना ओवी नको होती, अर्थ हवा होता. पुढें मराठी बायबलांत शब्दांची वांटणी कायम झाली ती अशी: सामान्य देववाचक शब्दास 'देव', हिब्रू विशेषनामाच्या जागीं 'परमेश्वर', आणि स्वामिवाचक शब्दास 'प्रभु'. ही व्यवस्था नीटनेटकी आहे. परंतु नीटनेटकेपणाखालीं कांहीं गमतीही दडल्या आहेत. 'परमेश्वर' म्हणजे ईश्वरांतला परम. म्हणजे ज्या एकमेवाचें तें नांव व्हावयाचें त्याच्या नांवांतच इतर ईश्वर गृहीत धरले गेले. शिवाय तें मुळीं विशेषनामच नाहीं, ती पदवी आहे. 'प्रभु' शब्दाची तर मुंबईंत कांहीं काळ पंचाईतच व्हावयाची, कारण प्रभूंची अख्खी ज्ञाति तेथें नांदते. आणि 'देव'? इंग्रजाला मोठें अक्षर काढून आपला देव आणि इतरांचे देव निराळे दाखवितां येतात. देवनागरीस, नांवांत देव असूनही, ती सोय नाहीं.

मोठें अक्षर नाहीं, पण मराठीजवळ आदरार्थी अनेकवचन आहे, आणि येथें प्रकरण अधिक रंगतें. ज्या थोरास मान द्यावयाचा त्याला आपण अनेकवचनीं बोलतों. मग सर्वांहून थोर जो देव त्याला 'आपण' कां म्हणूं नये? म्हटलें, तर एका देवाचे अनेक देव झाल्याचा भास होतो. म्हणून ख्रिस्ती मराठीनें एकवचन धरलें. परंतु याहून खरें कारण असें कीं, मराठी माणूस देवाला कधींच 'अहो' म्हणत नाहीं. विठ्ठलाला 'तूं', खंडोबाला 'तूं', अंबाबाईला 'तूं'. ज्ञानेश्वर महाराज 'म्हणाले', पण पांडुरंग 'म्हणाला'. मिशनऱ्यांनीं आपल्या इंग्रजी बायबलांतील जुन्या एकवचनाला अनुसरून 'तूं' घेतलें असेल, अगर मूळ भाषांस अनुसरून घेतलें असेल. परंतु तें मराठींत पाऊल टाकतांच वाळवंटांतल्या 'तूं'शीं जाऊन मिळालें.

येथें मात्र एक विसंगति उत्पन्न झाली, आणि ती फारशी कोणीं ध्यानांत घेतलेली आम्हांस आढळली नाहीं. ख्रिस्ती प्रार्थनेचें मुख्य संबोधन 'पिता' हें आहे. आतां वाचकांनीं आपलें बालपण आठवावें. शेतकऱ्याच्या घरांत बापाला 'तूं' म्हणत असतील. परंतु मध्यम वर्गाच्या जुन्या घरांत आईला 'अग' आणि 'तूं' म्हणणारें मूल बापापुढें 'अहो' आणि 'तुम्ही' यांखेरीज बोलत नसे. मराठी प्रार्थनेंत नाम पित्याचें आणि सर्वनाम आईचें, असा हा जोड आहे! कोणीही शिकविलेलें नसतां व्याकरणच सांगत होतें कीं, या 'तूं'च्या मागें माउली उभी आहे. तें ऐकूं आलें एका कवीला.

नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) यांनीं १८९५ मध्यें मुंबईस बाप्तिस्मा घेतला. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलों, असें ते सांगत. पूल ओलांडल्यावर तो मोडून टाकण्याची रीत त्यांच्या काळीं रूढ होती. टिळकांनीं तो मोडला नाहीं, उलट त्यावरून ये-जा चालू ठेविली. त्यांच्यापूर्वीं मराठी ख्रिस्ती मंडळींत जीं गीतें गाइलीं जात त्यांत इंग्रजी चालींवर बसविलेलीं भाषांतरें पुष्कळ होतीं, आणि त्यांत मराठी शब्दांची होणारी ओढाताण ज्यानें ऐकली असेल त्यालाच टिळकांचा उपकार कळेल. त्यांनीं अभंग आणला, ओवी आणली, कीर्तन आणलें. आणि ख्रिस्ताला 'माउली' म्हटलें.

हा शब्द म्हणजे कवीची नुसती हौस असें कोणी म्हणेल, तर तें खरें नाहीं. यशयाच्या ग्रंथाच्या शेवटल्या अध्यायांत देव आपणास आईची उपमा देतो. मत्तयाच्या शुभवर्तमानांत येशु यरुशलेमेकडे पाहून पिलांना पंखांखालीं घेणाऱ्या कोंबडीचा दाखला देतो. युरोपांत अन्सेल्म नांवाच्या धर्मपंडितानें आणि चौदाव्या शतकांत नॉर्विचच्या ज्युलियन नामक साध्वीनें ख्रिस्ताला आईच म्हटलें आहे. परंतु त्या ठिकाणीं ती उपमा आहे, एकांतांतील चिंतन आहे. तिचें मंडळीच्या रोजच्या हांकेंत रूपांतर झालें नाहीं. टिळकांना तें साधलें, कारण ती हांक मराठींत तयारच होती. जी भाषा विठ्ठलाची विठाई करते, ज्ञानदेव या पुरुषाला माउली म्हणते आणि त्यांत कोणास कांहीं चमत्कारिक वाटत नाहीं, त्या भाषेंत ख्रिस्त माउली होणें अगदीं सहज होतें. हेंच इंग्रजींत करूं गेलें तर वाद उपस्थित होतो. आणि अलीकडच्या काळांत तो तेथें झालाही आहे.

टिळकांची स्तुति करतांना आम्ही एवढ्यावर थांबणार नाहीं. त्यांच्या सर्वच अभंगांत हा शब्द सारख्या तेजानें उभा राहत नाहीं. वारकऱ्याच्या नामाला देह आहे. तो काळा आहे, तो विटेवर उभा आहे, त्याचे हात कटीवर आहेत. म्हणून 'विठाई' म्हणतांच डोळ्यांपुढें कांहीं दिसतें. टिळकांच्या माउलीला मूर्ति नाहीं. जेथें ते तिच्यापुढें क्रूस ठेवतात, जखमी हात ठेवतात, तेथें शब्द पेट घेतो. जेथें नुसत्या दयाघन, कृपासागर, करुणानिधि या विशेषणांवर भागवितात, तेथें तो तुकोबांच्या अंगणांतून उचलून आणलेल्या रोपासारखा कोमेजतो. तें रोप लावणाऱ्याला मातीही आपलीच घालावी लागते. मृत्यूमुळें त्यांचें 'ख्रिस्तायन' अपुरें राहिलें आणि त्याचे पुढील बहुतेक अध्याय लक्ष्मीबाईंनीं लिहिले. त्या बाईंच्या गद्यांत देवाचें नांव किती बेतानें आणि किती घरगुती रीतीनें येतें तें पाहिलें म्हणजे, विशेषणांची उधळण न करतांही भक्ति बोलते, असें वाटल्यावांचून राहत नाहीं.

मराठी ख्रिस्ती भाषेंतील विरुद्ध टोंक टिळकांच्याच काळांतील, त्यांच्याहून अधिक संस्कृत जाणणाऱ्या एका स्त्रीनें धरलें. पंडिता रमाबाईंच्या (१८५८–१९२२) आयुष्यांत या प्रश्नाचीं दोन्हीं टोंकें आढळतात. इ. स. १८८३ मध्यें इंग्लंडांत वाँटेज येथें बाप्तिस्मा घेतल्यावर थोड्याच दिवसांत मठांतील भगिनींशीं त्यांचा एक वाद झाला. क्रूसावर लॅटिन अक्षरेंच कां असावींत, संस्कृत कां असूं नयेत, असें त्यांचें विचारणें होतें. पंचविशीतल्या, आश्रितासारख्या राहणाऱ्या एका विधवेनें हा प्रश्न तेथें विचारावा, यांत तिचें पाणी दिसतें. तीच बाई पुढें केडगांवच्या मुक्तिसदनांत बसून, हिब्रू आणि ग्रीक शिकून, आयुष्याचीं अखेरचीं वर्षें बायबलाचें नवें मराठी भाषांतर करण्यांत घालविते. आणि तें कां, तर रूढ भाषांतरांतील संस्कृत शब्दांना मूर्तिपूजेचा आणि वेदांताचा वास येतो, तो त्यांस पवित्र ग्रंथांत नको होता! तें भाषांतर त्यांच्या मागून १९२४ मध्यें प्रसिद्ध झालें.

या फेरबदलाला कोणी कट्टरपणा म्हणतात. आम्हांस तें म्हणणें उथळ वाटतें. रमाबाई पुराणिकाच्या घरांत वाढल्या. आईबापांबरोबर तीर्थोतीर्थीं पुराण सांगत त्या हिंडल्या आणि दुष्काळांत तीं माणसें त्यांच्या डोळ्यांदेखत गेलीं. १८७८ मध्यें कलकत्त्याच्या पंडितांनीं त्यांना 'सरस्वती' ही पदवी दिली ती याच शब्दांवरील प्रभुत्वासाठीं. स्टीफन्सला 'वैकुंठ' हा एक सुंदर शब्द होता. रमाबाईंना तो एक अख्खा व्यवहार होता. त्यांत दक्षिणा होती, व्रतें होतीं, आणि विधवेला कोठें जागा आहे व कोठें नाहीं याचा निवाडाही होता. त्यांच्या सदनांत राहणाऱ्या बायका म्हणजे दुष्काळांतून उचलून आणलेल्या, टाकलेल्या, नाडलेल्या. ज्या शब्दांनीं या बायकांना बाहेर ठेविलें त्याच शब्दांनीं देव त्यांच्याकडे यावा हें रमाबाईंस सोसेना. शब्दाचा वास दुरून घेणारा त्याला सुगंध म्हणूं शकतो. त्या खोलीत कोंडून राहिलेल्याचें मत निराळें असतें.

याच सुमारास आणखी एका मराठी माणसाला हाच कांटा सलत होता, आणि तो ख्रिस्ती नव्हता. जोतीराव फुले मिशनच्या शाळेंत शिकले होते. बायबलाशीं त्यांचा परिचय होता. देव, ईश्वर, भगवान हे शब्द भटशाहीच्या ताब्यांत गेलेले आहेत असें पाहून त्यांनीं 'निर्मिक' हा नवा शब्द घडविला, आणि १८९१ मध्यें त्यांच्या मागून निघालेल्या 'सार्वजनिक सत्यधर्म' पुस्तकांत तोच चालविला. अर्थानें तो शब्द निर्दोष आहे, आणि त्याच्या मागचें धैर्य तर थोरच आहे. तरी सत्यशोधक विधींबाहेर तो लोकांच्या तोंडीं बसला नाहीं. शेतांत बैल बसला म्हणजे कुणबी आजही 'देवा!' असेंच म्हणतो.

कोणत्या शब्दाला उपासनेंत टिकण्याचें बळ आहे हें ओळखण्याची आमची एक साधी कसोटी आहे. शब्दाचें संबोधन करून पाहावें. व्याकरणांत ही विभक्ति शेवटीं येते, परंतु प्रार्थनेंत पहिली. देवा! बापा! आई! माउली! हे शब्द हांक मारण्यासाठींच जन्मले आहेत. 'परमेश्वरा' हेंही चालतें, पण तें ओंठांवर येतांना जरा ताठ बसावें लागतें. 'निर्मिका' म्हणतांना आपण देवाशीं बोलत नाहीं, देवाविषयीं कांहीं मत मांडतों. १८९८ मध्यें बंगालच्या ब्रह्मबांधव उपाध्याय यांनीं त्रैक्याला 'सच्चिदानंद' मानून संस्कृत स्तोत्र रचिलें. त्याची रचना भव्य आहे आणि त्यामागची बुद्धि टिळकांहून सूक्ष्म आहे, पण आजारी मुलाच्या उशाशीं बसलेली आई 'हे सच्चिदानंदा' म्हणून रडणार नाहीं. 'पिता' आणि 'बाप' यांतही हाच भेद आहे. ज्ञानदेवांनीं आपल्या अभंगांच्या मुद्रिकेंत बाप शब्द घातला तेव्हां तो मानाचा होता. पुढें शहरी कानांस तो राकट वाटूं लागला आणि प्रार्थनेंत 'पित्या' आलें. 'पित्या' हें संबोधन कोणत्याही मराठी मुलानें कोणत्याही मराठी बापाला आजवर केलें असेल असें वाटत नाहीं. येशूच्या तोंडचा जो अरामी शब्द मार्कानें जसाच्या तसा ठेवून दिला तो 'अब्बा'. ती केवळ बोबडी हांक आहे असें समजूं नये, मोठीं माणसेंही ती वापरीत. तरी तो शब्द घरांतला आहे. 'पित्या'पेक्षां आपला 'बाबा' त्याला किती जवळचा आहे, हें सांगावयास अरामी भाषेचा पंडित नको.

ही कसोटी लावली म्हणजे रमाबाईंचा आक्षेप नाहींसा होतो असें नाहीं. त्याची जागा मात्र कळते. शब्द धुऊन काढतां येत नाहीं. 'देव' हाच संस्कृतांतला, आणि तो तर त्यांनाही टाळतां येण्यासारखा नव्हता. पण ज्या शब्दाच्या नुसत्या उच्चारानें उपासकांपैकीं कोणाची जुनी जखम उघडते, तो केवळ श्रुतिमधुर आहे म्हणून कवीनें वापरावा काय? टिळकांना हा प्रश्न पडला नसावा असें आम्हांस वाटतें. अहमदनगर जिल्ह्याच्या खेड्यांतून जे महार-मांग ख्रिस्ती झाले, ज्यांना पंढरीच्या देवळाची पायरी ओलांडतां आली नव्हती, त्यांनीं टिळकांचे अभंग गाइले, अजूनही गातात. त्यांना तो अभंग चोखोबाचा वाटला कीं तुकोबाचा, याचा शोध कोणा अभ्यासकानें त्या गांवांत बसूनच घ्यावा. वाङ्मयाच्या इतिहासांत तें प्रकरण अद्याप लिहिलें गेलेलें नाहीं.

कॅथलिक मंडळींत प्रश्न निराळ्या वाटेनें आला. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनें १९६३ मध्यें उपासनेंत देशभाषांना मोकळीक दिली. तोंवर वसईच्या मराठी ख्रिस्ती शेतकऱ्यानेंही मिस्सा लॅटिनमध्यें ऐकली होती. लॅटिन गेली तशी शब्दांची गरज पडली, आणि साडेतीनशें वर्षें बंद राहिलेलें स्टीफन्सचें कोठार पुन्हा उघडतां आलें असतें. तें फारसें उघडलें गेलें नाहीं. काळ ओवीचा राहिला नव्हता. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचें 'सुबोध बायबल' २०१० मध्यें निघालें. त्याचें नांवच त्याचें धोरण सांगतें. त्यांतील मराठी आजच्या शिकलेल्या घराची आहे. स्वच्छ, अकृत्रिम, कोणालाही न दुखविणारी. ती वाचतांना मनाला समाधान होतें. मात्र ती गाण्यासाठीं नाहीं, आणि उपासनेच्या भाषेला गाणें सुटत नाहीं.

उरतो तो त्रैक्यांतील तिसरा, ज्याला स्टीफन्सनें हातच लावला नाहीं. हिब्रूंत त्याचा शब्द स्त्रीलिंगी, ग्रीकमध्यें नपुंसकलिंगी. मराठींत 'पवित्र आत्मा' झाला आणि पुल्लिंगी ठरला. ज्या देशांत आत्मा म्हटलें कीं एकीकडे गीतेचा दुसरा अध्याय आणि दुसरीकडे पिंपळावरचें भूत आठवतें, तेथें हा शब्द किती अडचणींतून चालत असेल याची कल्पना करावी. शिवाय संबोधन करून पाहा: 'हे पवित्र आत्म्या'. मराठी ख्रिस्ती गीतांच्या संग्रहांत पित्याचीं आणि पुत्राचीं गीतें जशीं रंगतात तशीं आत्म्याचीं कां रंगत नाहींत, याचें अर्धें कारण आम्हांस या जोडाक्षरांतच दिसतें. गोव्यांत आतां 'पवित्र आत्मो' म्हणण्याचा प्रघात पडला आहे. परंतु जुन्या वळणाचीं माणसें जेवणापूर्वीं कपाळाला बोट लावतांना अजून 'बापा'च्या आणि 'पुता'च्या मागें, स्टीफन्सच्या वेळचाच, 'स्पिरिता सांता'चाच उच्चार करतात.